ऐकण्याची यादी

माझ्या मामाने छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्राच्या खोलीत जाण्याआधी तो खाली दाराशी उभा राहून नुसता कान द्यायचा आणि सांगून टाकायचा, ब्रेकची पट्टी झिजलीय, नाहीतर दोराला वंगण नाही. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि चुकलंच तर तो लिफ्टलाच शिव्या घालायचा. दोन मजल्यांच्या मधे माणसं अडकली की हटकून त्यालाच बोलवायचे. तेव्हा हत्यारांची पिशवी उघडण्याआधी तो दाराच्या फटीला तोंड लावून आतल्यांशी बोलत सुटायचा. घरी कोण कोण आहे, जेवलात का, कितव्या मजल्यावर राहता. "आत अडकलेल्याला आधी आवाज लागतो," तो म्हणायचा, "दार काय, उघडतंच मागाहून."

असा हा माणूस आपल्या जिवाभावाच्या मित्राशी दोन वर्षं बोलला नाही. आणि शेवटी ऐकायला तयार झाला, तर मधे मी कडमडले. चूक कुठे झाली ते ओघात येईलच, पण ती माझी होती एवढं आधीच सांगते.

मामाला रेडिओचं वेड. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, घेऊन हवेतून लोकांशी बोलायचं, तो हौशी रेडिओ. गच्चीवर त्याने लोखंडी खांब उभारून अँटेना चढवली होती आणि तिच्यापायी मामीच्या चादरींवर कायम गंजाचे डाग. "माझी सवत गच्चीवर राहते," असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी वीस वर्षांची असताना मामाने मलाही परीक्षेला बसवलं. मी पास झाले. मला त्यात फार गोडी नव्हती, पण मामा इतका खूश झाला की मी ते चालवून घेतलं. पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, त्यामुळे माझं काम चोख असतं, असं तेव्हा तरी माझं मत होतं.

मामाचा मित्र दातांच्या कवळ्या बनवायचा. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे आणि हे गृहस्थ आपल्या खोलीत बसून मेणात एकेक दात रोवायचे. आम्ही त्यांना कवळीकाका म्हणायचो. एकतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता मामा आणि कवळीकाका हवेत भेटत. आणखी आठदहा जण असायचे, पण हे दोघे नसले तर मैफल भरली असं कुणी धरायचं नाही. दोघांचा एक नियम होता. एकमेकांना फोन करायचा नाही. काकांचं लग्न ठरलं ते मामाला हवेतून कळलं, मामाला मुलगा झाला तो काकांना हवेतून. फोनवर काय, कुणीही बोलतं, असं दोघांचं म्हणणं. मामाची वरची कवळीही काकांनीच केलेली, आणि ती इतकी बेताची बसली होती की मामा त्या दातांनी सफरचंद तोडून खायचा.

बिनसलं ते असं. काकांच्या मुलीने त्यांना आपल्या शहरात नेलं, बसने तीन तासांवर. सातवा मजला, अँटेना लावायला बंदी. मग काकांनी हॉटस्पॉट घेतला. हॉटस्पॉट म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी डबी. हातातल्या छोट्या रेडिओवर बोललं की आवाज खोलीतल्या खोलीत त्या डबीपर्यंत जातो, डबी तो इंटरनेटवरून डिजिटल रेडिओच्या नेटवर्ककडे पाठवते, आणि तिथे त्याच गटात जे कुणी बसलेले असतील त्यांना तो ऐकू येतो, मग ते जगात कुठेही असोत. प्रत्येक गटाला नंबर असतो. सकाळच्या मैफलीतल्या एकाने आपल्या घरी जोडणी करून जुने अँटेनावाले आणि नवे डबीवाले एकत्र आणले होते, म्हणजे काकांचं सात वाजताचं बोलणं सुटायचं काही कारण नव्हतं.

पहिल्याच सकाळी काका हरखून सगळ्यांना डबीबद्दल सांगत होते. मामाने मधेच बोलायचं बटण दाबलं. "अरे, याला रेडिओ नाही म्हणत. फोनला रेडिओचा सदरा घातलाय तू. सरळ सांग की आता खांबावर चढवत नाही."

सगळे हसले. तेच वाईट झालं. नुसतं मामा बोलला असता तर काकांनी दुप्पट परत दिलं असतं. काका एवढंच म्हणाले, "बरं. मी या गटात पुन्हा तोंड उघडणार नाही. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने इथे यावं." आणि एका रिकाम्या गटाचा नंबर सांगितला, जो कुणीच वापरत नव्हतं.

मामाला वाटलं, दोन दिवसांत येईल गुमान परत. काकांना वाटलं, दोन दिवसांत येईल हा माफी मागायला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, आणि इथे तर दोन सुंभ. मामाने काकांशी बोलणं टाकलं, पण जगाशी जे बोलायचा ते काकांच्याच दातांनी. मामी म्हणायची, "अहो, दात धुताना तरी त्याची आठवण येऊ द्या." मामा म्हणायचा, "दात चांगले करतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

दोन वर्षांनी मामाचे गुडघे गेले. जिने चढवेनात, गच्ची दूर राहिली. घर सोडून दोघं मुलाच्या जवळ तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. खांब भंगारवाल्याने नेला तेव्हा मामा आतल्या खोलीत जाऊन बसला होता. नव्या घरात पंधरा दिवस तो सात वाजता उठून, कपडे घालून, खुर्चीत बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. मग एक दिवस त्याचा मला फोन आला.

"अगं, ती डबी कुठे मिळते?"

"कुठली डबी?"

"तीच ती. सदरा."

मी इतकी हसले की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मामा पलीकडे शांतपणे थांबला होता. हसणं झाल्यावर म्हणाला, "झालं? आता सांग."

डबी आणि रेडिओ आला तेव्हा मी दुपारच्या सुट्टीत जोडून द्यायला गेले. तासाभराचा वेळ, त्यात यायलाजायला वीस मिनिटं. मामा गटांना खोल्या म्हणायचा, त्यामुळे मीही तेच शब्द वापरले. सकाळच्या मैफलीची ती मोठी खोली. मी संगणकावर ती भरत असताना मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एक आणखी नंबर टाकून ठेव," आणि काकांच्या खोलीचा नंबर सांगितला. पाठ होता. दोन वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेला.

"तिथे कोण असतं?" मी मुद्दाम विचारलं.

"असतं कुणीकुणी. ऐकायला काय जातं?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्या नंबरासाठीच ही सगळी खटपट चाललीय, हे आम्हा दोघींना कळत होतं. मामाला मित्र परत हवा होता, फक्त मागायचा नव्हता.

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी. डबीला सांगावं लागतं की कुठल्या खोल्यांतला आवाज घरात आणायचा. ते मी सांगितलं, दोन्ही खोल्या. रेडिओच्या वरच्या बटणाला खटके असतात. पहिल्या खटक्यावर मोठ्या खोलीत बोलता येतं, दुसऱ्यावर काकांच्या छोट्या खोलीत. तेही केलं. आणि रेडिओत आणखी एक यादी असते, ऐकण्याची. बोलायच्या खोलीखेरीज आणखी कुठल्या खोल्यांतला आवाज रेडिओच्या स्पीकरमधून बाहेर सोडायचा, त्याची. ती यादी मी माझ्याच रेडिओतून उचलून त्याच्यात टाकली, वेळ वाचवायला. माझ्या रेडिओला काकांच्या खोलीशी काही देणंघेणं नव्हतं. छोट्या खोलीपुढे एक टिक करायची होती, ती राहिली.

चाचणीसाठी एक प्रतिध्वनीचा गट असतो, आपण बोललेलं आपल्यालाच परत ऐकवतो. मामाने त्यावर स्वतःचा आवाज ऐकला आणि लहान मुलासारखा खुलला. डबी मी दाराशी, चपलांच्या कपाटावर राउटरशेजारी ठेवली, कारण वायर तेवढीच होती. निघताना मी म्हटलं, "खटका मोठ्या खोलीवरच राहू दे. छोट्या खोलीत कुणी बोललं तरी तुला ऐकू येईल. दोन्ही लावल्यात."

"नक्की?"

"मामा, मी लावलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मोठ्या खोलीत बोलला. "काय हो लिफ्टमामा, सदरा मापात बसला का?" असं कुणीतरी विचारलंच. मामाने ते मुकाट गिळलं. काका त्या खोलीत बोलत नसले तरी ऐकत असतात, हे त्याला ठाऊक होतं. आपला आवाज त्यांच्यापर्यंत पोचला, आता ते छोट्या खोलीतून हाक मारतील, असा त्याचा हिशेब. त्या दिवसापासून रेडिओ त्याच्या हातातून सुटला नाही.

चौथ्यापाचव्या दिवशी दुकानात फोन आला. माझ्या हातात घासायचं भिंग होतं.

"अगं, संध्याकाळी सव्वासहाला रेडिओचा हिरवा दिवा लागतो. आवाज येत नाही."

"कुणीतरी नुसतं बटण दाबून बघत असेल."

"रोज? अर्धा तास?"

"मामा, नेटवर्क आहे ते, लिफ्ट नाही. कानाने नाही कळत सगळं."

हे वाक्य मी बोलले. छत्तीस वर्षं कानाने ओळखणाऱ्या माणसाला. ते परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं. नंतर आठवड्याने त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा मी "रविवारी बघते" म्हटलं आणि रविवारी गेले नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

त्या डबीला बोटभर पडदा असतो. कोण बोलतंय त्याचं कॉलसाइन त्यावर उमटतं. सव्वासहाला कुणी दारापर्यंत चालत गेलं असतं तरी पुरलं असतं. पण मामीला त्या लुकलुकण्याचा वैताग यायचा, म्हणून तिने डबीपुढे छत्र्यांची बरणी ठेवली होती.

मामा मात्र दिवसेंदिवस मिटत गेला. "त्याला माहीत आहे मी आलोय," तो मामीला म्हणायचा. "पण नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करतोय."

"मग तुम्हीच फिरवा तो खटका आणि मारा हाक."

"मी का? मी आलो ना इथपर्यंत? आता एक पाऊल त्याने टाकावं."

"पाऊल!" मामी म्हणायची. "खुर्चीतून उठला नाहीत अजून."

एक खटका. तेवढाच फिरवला असता तरी काका ऐकू आले असते. पण खटका फिरवणं म्हणजे त्याच्या दाराशी जाऊन उभं राहणं, असं मामाने मनाशी धरलं होतं.

दीड महिन्याने मी त्यांच्याकडे गेले. सहज, रविवारची. मामाने चहा पिता पिता विषय काढला. "तो हिरवा दिवाही लागायचा बंद झालाय. वीसबावीस दिवस झाले. वायरबियर सुटली असेल तर बघ."

मी संगणक उघडून नेटवर्कचं पान काढलं. कुठल्या खोलीत कोण, किती वाजता, किती सेकंद बोललं, त्याची यादी तिथे असते. मी छोट्या खोलीचा नंबर टाकला. खाली एकाच कॉलसाइनच्या ओळी. सहा पंधरा, एकशे साठ सेकंद. सहा अठरा, एकशे सत्तर सेकंद. सहा बावीस. सहा पंचवीस. मग आदल्या दिवशीच्या. मग त्याच्या आदल्या. मी खाली सरकत राहिले आणि दिवस मोजत गेले. मग रेडिओतली यादी उघडली, आणि ती न केलेली टिक दिसली.

"काय गं? सुटलीय का वायर?"

खोटं बोलावंसं वाटलं मला. डबी बिघडली होती म्हटलं असतं तर मामाला पटलं असतं. पण तो समोर बसला होता.

"मामा, काका बोलत होते. मी यादीत खोली घालायची विसरले."

"किती दिवस?"

"अठरा."

"काय बोलत होता?"

"ते नाही कळत. आवाज साठवलेला नसतो."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

मामी तोंडाला पदर लावून आत गेली.  मामाने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी टिक केली, रेडिओत भरली. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. मग मामाने खटका फिरवला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. स्वतःचं कॉलसाइन सांगितलं, काकांचं सांगितलं. "ऐकतोयस का?" पानावर त्या खोलीत दोनच डब्या जोडलेल्या दिसत होत्या, मामाची आणि काकांची. तिकडून काही आलं नाही. तो सव्वासहाला पुन्हा बोलला. तरी नाही.

सकाळी त्याने मोठ्या खोलीत विचारलं. एकजण म्हणाला, "अहो, घशाचं ऑपरेशन झालं त्यांचं. स्वरयंत्रच काढलं. आवाज गेला. तुमच्यासमोर त्यांचं नाव काढायचं नाही असं आमचं ठरलेलं, म्हणून कुणी बोललं नाही."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसने गेलो.  काकांच्या मुलीने दार उघडलं. ती चाळिशीची, ताठ कण्याची बाई. तिने मामाला "या" म्हटलं, पण डोळे वर केले नाहीत.

काका खिडकीपाशी बसले होते. गळ्याला पातळ रुमाल, त्याच्या आड नळी. मांडीवर मुलांची खडूने लिहायची पाटी. मामाला बघून ते उठायला गेले, मामाने त्यांना खांदे धरून बसवलं, आणि दोघं तसेच एकमेकांचे हात धरून राहिले. मग काकांनी हात सोडवून पाटीवर लिहिलं. अक्षर अजून तसंच, दाताच्या रांगेसारखं एकसारखं.

"ऐकलंस ना?"

मी तोंड उघडलं. मामाने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट.

"ऐकलं," मामा म्हणाला. "सगळं ऐकलं."

काकांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पुसून लिहिलं, "तुझी डबी रोज दिसायची पानावर. कळत होतं, बसलायस म्हणून." पुन्हा पुसून, "गाढवा, हूं तरी करायचंस." आणि हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसता नळीतून वारा आला. मामाही हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

मग काकांनी बराच वेळ विचार करून लिहिलं, "तिसऱ्या दिवशी सांगितलं ते कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार," मामा म्हणाला.

ते गुपित मामाइतकं चोख कुणीच पाळू शकलं नसतं.

मुलगी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवले आणि न बसता म्हणाली, "ऐकलं होतंत, तर मग आला का नाहीत?"

मामा तिच्याकडे बघत राहिला.

"शेवटच्या दिवशी मी इथेच होते. बाबा रेडिओवर म्हणाले, उद्या दहाला ऑपरेशनला आत नेतील, त्याच्या आत ये, आवाज आहे तोवर एकदा समोरासमोर बोलू. मी म्हटलं, नाही आले तर? म्हणाले, ऐकतोय तो, येणार. दवाखान्यात नऊ वाजल्यापासून दाराकडे बघत होते. न्यायला आले तर म्हणाले, पाच मिनिटं थांबा. तीन वेळा पाच मिनिटं मागितली त्यांनी. माणसं चिडली."

काका तिच्याकडे हात हलवत होते, पुरे म्हणून. पाटीवर घाईने लिहिलं, "असू दे."

माझ्या मनगटावरचा हात सुटला नव्हता. मी एक वाक्य बोलायचं होतं. ताई, चूक माझी आहे, यांना ऐकूच आलं नाही. वाक्य तयार होतं. मी कपाकडे बघत बसले.

"चुकलं माझं," मामा म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या बसमध्ये मी रडून घेतलं. मग विचारलं, "का बोलू दिलं नाहीस मला?"

"काय सांगणार होतीस? अठरा दिवस तू भिंतीशी बोललास, असं? त्याच्याकडे तेवढेच दिवस होते आवाजाचे. ते त्याने माझ्यावर खर्च केले." मग तो म्हणाला, "आणि खरं सांगू? ऐकू आलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बटण दाबलं असतं का, हे छातीठोकपणे नाही सांगता येत. दोनचार दिवस ताटकळवलंच असतं मी त्याला. मजा बघत. तेव्हा फार खोटं नाही बोललो मी."

त्यानंतर साडेचार महिने मामा रोज सव्वासहाला छोट्या खोलीत बोलायचा. काका उत्तरादाखल बटण दाबायचे, होकाराला एकदा, नकाराला दोनदा. आवाज यायचा नाही, नुसता दिवा लागायचा. मामा त्यांना लिफ्टच्या गोष्टी सांगायचा, मामीच्या कागाळ्या सांगायचा. अठरा दिवसांत काका काय काय बोलले असतील ते अंदाजाने काढून घ्यायचा प्रयत्नही करायचा. मी एकदोनदा ऐकलं. "ते तू म्हणालास ना, पोरीच्या लग्नाचं?" दोन वेळा दिवा. "मग आपल्या त्या सहलीचं?" दोन वेळा दिवा. कदाचित काकांना कळलंही असेल. कळलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

काका गेल्याचं मामाला मोठ्या खोलीत कळलं, इतरांबरोबर. मुलीने कळवलं नव्हतं. मामा भेटायला गेला तेव्हा तिने दारातूनच, "सगळं झालं, आता काही राहिलं नाही," असं सांगितलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. हे मला मामीने सांगितलं.

मी संध्याकाळी गेले. मामा खुर्चीत बसला होता, रेडिओ मांडीवर, बंद.

"आता मी तिला सांगते," मी म्हटलं. "काकांसाठी गप्प बसायचं होतं ना? आता काका नाहीत. तुला दगड समजते ती. मी उद्या जाते आणि सगळं सांगते."

"नको."

"का नको? चूक माझी आहे. मला डोक्यावरून उतरवू दे ना ती!"

"तुझ्या डोक्यावरून उतरेल," मामा म्हणाला, "आणि तिच्या डोक्यावर बसेल. आज तिला माझा राग येतो. येऊ दे, मला झेपतो. पण बाप शेवटचे अठरा दिवस बोलत होता, तो मित्राशी बोलत होता, एवढं तिच्याकडे आहे. ते काढून घेऊ नकोस."

 मामी दिवा लावायला उठली. मी गप्प बसले, आणि त्या घराबाहेर अजून गप्पच आहे.